काष्ठनिवासी कवकाच्या नव्या जातीचे वर्णन

काष्ठनिवासी कवकाच्या नव्या जातीचे वर्णन ही कवकशास्त्रातील वर्गीकरणाची एक प्रक्रिया आहे. जिवंत किंवा मृत लाकडावर वाढणारे एखादे कवक आधी नाव मिळालेल्या कोणत्याही जातीत बसत नाही, असे पुराव्यांनिशी दाखवून त्याचे शास्त्रीय नाव नियमांनुसार प्रसिद्ध करणे, असे तिचे स्वरूप असते. जगात कवकांच्या सुमारे दीड लाख जातींना नावे मिळाली आहेत. २०१७ मधील एका अंदाजानुसार प्रत्यक्ष संख्या २२ ते ३८ लाख असावी.

अधिवास

अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा गाविलगड डोंगररांगेत सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. भोवतालचे मेळघाटचे वन मुख्यतः सागाचे, शुष्क पानझडी आहे. येथील काष्ठनिवासी कवके वर्षाचा बराच काळ लाकडाच्या आत कवकजालाच्या रूपात असतात. पावसाळ्यात त्यांचे फलकाय बाहेर येतात. खोडावरचे कठीण, कंसाकृती फलकाय सहज दिसतात; पडलेल्या ओंडक्याच्या खालच्या बाजूस रंगाच्या पातळ थरासारखी पसरणारी कवके मात्र ओंडका उलटल्याशिवाय सापडत नाहीत. लाकडातील लिग्निनचे पूर्ण विघटन प्रामुख्याने श्वेत कूज घडवणारी कवकेच करतात. त्यामुळे पडलेल्या झाडातील पोषकद्रव्ये मातीत परतणे बरेचसे त्यांच्यावर अवलंबून असते.

जुन्या नावांची अडचण

नवी जाती बहुधा अज्ञात म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच नावाखाली दडलेली असते. लाकडी कवकांची अनेक जुनी नावे युरोपातील नमुन्यांवर आधारलेली आहेत आणि दिसण्यातील साम्यावरून ती उष्ण प्रदेशातील कवकांनाही लावली गेली. गॅनोडर्मा ल्युसिडम हे याचे बोलके उदाहरण. ही जाती १७८१ मध्ये इंग्लंडमधून वर्णिली गेली. पुढे आशियातील चकचकीत तांबूस कवकांना, भारतातील कवकांनाही, दीर्घकाळ हेच नाव दिले जात राहिले. चीनमध्ये लागवड होणारे कवक वेगळे असल्याचे दाखवून २०१२ मध्ये त्याला गॅनोडर्मा लिंगझी हे नाव देण्यात आले. चिखलदऱ्याच्या एखाद्या ओंडक्यावरील कवकाला सवयीने युरोपीय नाव दिले, तर ते स्थानिक असूनही नोंदीत सर्वत्र आढळणारे ठरते आणि त्याच्या संवर्धनाचा प्रश्नच उपस्थित होत नाही.

अभ्यासाची पद्धत

मेळघाटचा मोठा भाग व्याघ्र प्रकल्पात असल्याने नमुने गोळा करण्यापूर्वी वन विभागाची परवानगी लागते. आश्रयी झाडाचे नाव, लाकूड जिवंत की मृत, उंची व तारीख जागेवरच नोंदवतात. वाळल्यावर रंग बदलतो, म्हणून छायाचित्र ताजेपणीच घेतले जाते. नमुना मंद उष्णतेवर वाळवतात. ओलावा राहिल्यास त्यावर दुसरीच बुरशी चढते. नंतर पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली कवकतंतूंचे प्रकार, त्यांच्या सांध्यांवरील गाठी व बीजाणूंची मापे तपासतात. आयोडीनयुक्त मेल्झर द्रावणात बीजाणू निळे, लालसर तपकिरी किंवा जसेच्या तसे राहतात, यावरूनही ओळख ठरते.

डीएनएचा आयटीएस हा भाग २०१२ पासून कवकांचा अधिकृत बारकोड मानला जातो. मात्र सार्वजनिक संग्रहांतील कित्येक अनुक्रमांनाच चुकीची नावे जोडलेली असल्याने केवळ संगणकीय जुळणीवर निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

नामकरण

नावाचा पहिला शब्द प्रजातीचा व दुसरा जातीचा असतो. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत वर्णन लॅटिनमध्ये देणे बंधनकारक होते. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालते. १ जानेवारी २०१३ पासून मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरमसारख्या मान्य नोंदणीस्थळाचा क्रमांक आवश्यक आहे.

नाव एका प्रारूप नमुन्याशी बांधलेले असते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील आजरेकर कवक संग्रहात असे नमुने जतन केले जातात. भारताच्या जैविक विविधता अधिनियम, २००२ मधील कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती नियुक्त संग्रहस्थानास देऊन नमुना तेथे जमा करावा लागतो. पुढे तीच जाती आधी वर्णिलेली असल्याचे सिद्ध झाले, तर सामान्यतः जुने नाव कायम राहते आणि नवे त्याचे समानार्थी नाव ठरते.