तिरप्या उन्हाची घडी

असरची नमाज झाली की इफ्तारीला दीडेक तास उरतो. अंधेरी-घाटकोपरच्या गल्ल्यांत फळं चिरली जातात, पाण्याचे जग भरले जातात आणि ऊन भिंतींना घासत जातं. साध्या मोबाइलमध्येही चांगलं छायाचित्र यावं, अशी ही घडी.

ऊन समोरून पडलं की भिंत सपाट दिसते. तेच कडेनं आलं की प्रत्येक उंचवट्यामागे बारीक सावली धरते. दुकानाच्या शटरच्या पट्ट्या, पन्हाळी पत्रा, दाराच्या फळीतल्या रेषा, गिलाव्यावरच्या थापीच्या खुणा, सगळं उठून दिसतं. मावळतीचे किरण हवेतून लांबचा पल्ला कापून येतात; वाटेत निळा रंग विखुरतो, म्हणून उजेड सोनेरी. फ्लॅश मात्र बंद ठेवावा. तो समोरून पडतो आणि सावल्या पुसून टाकतो.

बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांतली झिजलेली अक्षरंही तिरप्या उजेडातच नीट वाचता येतात. तिथल्या ९० क्रमांकाच्या लेण्यात इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत. भिंत बौद्ध भिक्खूंची, सही पारशी पाहुण्यांची.

चाळीच्या भिंतींवरही अशा सह्या असतात. मुलांची उंची मोजताना खिळ्यानं ओढलेल्या रेघा, एका चौकटीवर कोरलेला ७८६, शेजारच्या चौकटीवर स्वस्तिक. कान्हेरीचा कातळ हजार वर्षं टिकला. पुनर्विकासाची नोटीस लागलेली भिंत पुढच्या रमजानला असेलच, असं नाही. मगरिबच्या अजानआधी दहा मिनिटं तिच्यापाशी थांबावं.