पॅटर्न कुणाचा?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत गेलात, तर एका बाजूला लाकडाचे आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा पाडायचे नमुने, रचून ठेवलेले दिसतील. त्यांच्यावर रंगानं ग्राहकाचं नाव नाहीतर पार्ट नंबर लिहिलेला असतो. कास्टिंग फाउंड्रीवाला ओततो, पण पॅटर्नचे पैसे ग्राहकानं मोजलेले असले तर पॅटर्न ग्राहकाचा. उद्या त्यानं दुसरी फाउंड्री धरली, की तो आपला पॅटर्न उचलून नेतो. त्यावर भांडण होत नाही, कारण ते पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं.

शाहूवाडी तालुक्यातली कित्येक पोरं अशाच कारखान्यांत उभी राहून काम शिकली. आता बांबवडे, मलकापूर, सरूडसारख्या गावांतून नाचणीचं सत्त्व, मध, गूळ, कांदा-लसूण मसाला ऑनलाइन विकायला निघालेली घरं आहेत. माल घरचा असतो. फोटो, लेबल, वेबसाइट आणि जाहिरातीचा मजकूर मात्र बाहेरून, फ्रीलान्सरकडून करून घ्यावा लागतो. आणि नेमकं इथं उद्यमनगरात शिकलेलं सगळं आपण बाजूला ठेवतो. हे काम वेगळ्या जगातलं आहे, त्याला आपले नियम लागू नाहीत असं वाटतं. तो पहिला गैरसमज, आणि बाकीचे त्याच्याच पोटातून येतात.

बाहेरून काम करून घेणं ही कोल्हापूर जिल्ह्याची जुनी रीत आहे. इचलकरंजीत व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्याला खर्चीवाला म्हणतात. हुपरीचं चांदीचं पैंजण पुरं होईपर्यंत किती घरांतून फिरतं! फ्रीलान्सर हा त्याच साखळीतला नवा कारागीर, त्याचं यंत्र तेवढं लॅपटॉप आहे. तो परदेशी संकेतस्थळावरचाच असावा असंही नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानं २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला होता आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असं म्हटलं होतं. यात डिलिव्हरी करणारेही आले आणि घरी बसून डिझाइन करणारेही. मराठी मजकुरासाठी तर मी जवळचाच माणूस बघेन. आंबील कशी लागते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच नाचणीबद्दल चार ओळी धड लिहिता येतात.

आता सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. ‘पैसे मोजले, म्हणजे काम आपल्या मालकीचं झालं.’

नाही. स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा आहे आणि त्याचं कलम १७ सांगतं, की कामाचा पहिला मालक ते निर्माण करणारा. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं होतं. फ्रीलान्सर नोकर नाही. त्यामुळे त्यानं लिहिलेला मजकूर आणि वेबसाइटचा कोड यांचे पूर्ण पैसे तुम्ही दिलेत, तरी लेखी हस्तांतर नसेल तर हक्क त्याच्याकडेच राहतो. तुमच्याकडे येते ती वापरायची मुभा. गंमत अशी की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोला आणि चित्रफितीला उलटा नियम आहे. तिथं वेगळा करार नसेल तर हक्क पैसे देणाऱ्याचा. एकाच माणसानं तुमच्या मधाच्या बाटलीचे फोटोही काढले आणि तिचं वर्णनही लिहिलं, तर फोटो तुमचे आणि वर्णन त्याचं, असा प्रकार होऊ शकतो.

यावर उपाय आहे एका पानाचा. हक्क हस्तांतरित केल्याचं लिहून घ्यायचं आणि त्यावर फ्रीलान्सरची सही घ्यायची. कलम १९ ला सही असलेला लेखी दस्तऐवजच लागतो. त्यात मुदत लिहायला विसरलात तर हस्तांतर पाचच वर्षांचं धरलं जातं. प्रदेश लिहिला नाही तर ते भारतापुरतं. मुंबईच्या चाकरमान्यांपुरता धंदा असेल तर प्रदेशाचं कुणी मनावर घेणार नाही, पण दुबईतल्या नातेवाइकांकडून मागणी येऊ लागली की तो एक शब्द आठवतो. म्हणून दोन्ही लिहा: कायमचं, आणि सर्व देशांसाठी.

कागदाइतकीच मूळ फाइल महत्त्वाची. लेबलचं नुसतं चित्र हाती आलं म्हणजे कास्टिंग आलं, पॅटर्न तिकडेच राहिला. वजन २५० ग्रॅमवरून ५०० ग्रॅम करायचं झालं, की पुन्हा त्याच दाराशी जावं लागतं. डोमेनचं तर विचारूच नका. आमच्या घरच्या धंद्याची पहिली वेबसाइट एका ओळखीच्या मुलानं करून दिली आणि डोमेन स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पुढं त्याला पुण्यात नोकरी लागली, तो ईमेल त्यानं बंद केला, नूतनीकरणाच्या सूचना तिकडेच गेल्या आणि डोमेन हातचं गेलं. छापून ठेवलेल्या पिशव्यांवर तोच पत्ता होता. ती चूक माझी होती, विचारायचं मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून डोमेन, होस्टिंग आणि पेजची मुख्य मालकी घरच्या ईमेलवर ठेवतो आणि काम करणाऱ्याला वेगळं खातं नाहीतर मर्यादित प्रवेश देतो. फेसबुक पेज असो वा ऑनलाइन दुकान, ही सोय आतच असते. पासवर्ड सांगावा लागत नाही, आणि ओटीपी तर कुणालाच नाही.

‘लेबल त्यानं केलं, चूक त्याची.’ ग्राहकापुढं आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्यापुढं हे चालत नाही. वेष्टनावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, किंमत, तारीख आणि उत्पादकाचा पत्ता बरोबर आहे की नाही, याची जबाबदारी माल विकणाऱ्याची. डिझाइन करणाऱ्याला रंगसंगती कळते, वजनमापाचे नियम कळतीलच असं नाही. जाहिरातीच्या मजकुरात धोका आणखी मोठा. लिहिणारा उत्साहात ‘नाचणी सत्त्वानं मधुमेह बरा होतो’ असं लिहून मोकळा होतो. अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ५३ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि नोटीस येते ती पाकिटावरच्या पत्त्यावर. शिवाय ते वाचून एखाद्या आजीनं गोळ्या बंद केल्या तर काय, हा प्रश्न मला दंडापेक्षा जास्त छळतो.

ग्राहकांच्या यादीचंही तसंच. ऑर्डरचे मेसेज पाठवायला म्हणून नाव, पत्ता, मोबाइल असलेली अख्खी एक्सेल फाइल आपण बिनधास्त कुणाच्याही हवाली करतो. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा, ज्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि जो टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे, स्पष्ट म्हणतो की दुसऱ्याकडून काम करून घेतलं तरी उत्तरदायी मूळ धंदाच. लागेल तेवढीच माहिती द्या आणि काम झाल्यावर ती पुसून टाकायला सांगा.

‘काम देऊन टाकलं की डोक्याचा ताप गेला’ हे वाक्य उद्यमनगरातला कुठलाही कारखानदार बोलणार नाही. तो जॉब पाठवताना ड्रॉइंग देतो, त्यावर माप आणि टॉलरन्स असतो, आणि माल परत आला की गेज लावून बघतो. आपण फोटोग्राफरला काय सांगतो? ‘जरा चांगले काढा.’ मग नापसंतीवरून रुसवेफुगवे. फोटोचंही ड्रॉइंग देता येतं. ॲमेझॉनवर मुख्य फोटो पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर लागतो, वस्तूनं चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो, आणि झूम चालायला मोठी बाजू किमान १००० पिक्सेल हवी. या तीन अटी, आवडलेले दोन नमुने, किती फेरबदल फुकट आणि तारीख, एवढं लिहून दिलं तरी निम्मे वाद मिटतात. आणि सगळे तीस फोटो एकदम सांगू नयेत. आधी तीन घ्यावेत, फाउंड्रीत आधी सॅम्पल पास करून घेतात तसे. हा वेळ आपला जातोच. तो हिशोबात धरला नाही, म्हणून बाहेरचं काम नेहमी स्वस्त वाटतं.

व्हॉट्सॲपवर ठरलेल्याला किंमत नाही, असंही ऐकू येतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १० अ नुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झालाय एवढ्याच कारणानं करार बाद होत नाही, तेव्हा दर आणि तारीख ठरलेले मेसेज पुसू नका. उलट ‘माझं काम संपल्यावरही तू दुसऱ्या मसालेवाल्याचं काम करायचं नाहीस’ अशी अट सहीसकट लिहून घेतली, तरी करार कायद्याच्या कलम २७ पुढं ती टिकत नाही. ती घालून माणूस दुखावण्यात अर्थ नाही. मसाल्याचं प्रमाण गुप्त ठेवायला मात्र जरूर बांधून घ्या.

कराची भीती बरीचशी अनाठायी आहे. महाराष्ट्रात फक्त सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. म्हणून त्याच्याकडे नंबर नाही यात गैर काही नाही. नंबर नसताना त्यानं बिलात जीएसटी लावला तर ते गैर. टीडीएसचंही तसंच: एकट्याच्या नावावरचा धंदा असेल आणि आदल्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या आत असेल, तर अशा नेहमीच्या बिलांवर तो कापावा लागत नाही. भागीदारी किंवा कंपनी असेल तर सीएला विचारा.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि इथं मी फ्रीलान्सरच्या बाजूनं बोलणार आहे. ‘आपलाच पोरगा आहे, सवडीनं देऊ’ म्हणत महिनोन् महिने बिलं लोंबकळत ठेवली जातात. त्या पोरानं उद्यम नोंदणी केलेली असेल, आणि ती फुकट होते, तर तो कायद्यानं सूक्ष्म उद्योजक ठरतो. एमएसएमईडी कायदा २००६ त्याला संरक्षण देतो: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. उसाचं बिल थकलं की आपल्या जिवाची काय तगमग होते हे शाहूवाडीतल्या शेतकऱ्याच्या घराला वेगळं सांगायला नको. मलकापुरात भाड्याच्या खोलीत बसून तुमचं लेबल करणाऱ्या मुलाचं घर त्याच बिलावर चालतं. आमच्याकडे आता निम्मे पैसे काम देताना जातात. उरलेले मूळ फाइल उघडून बघितली आणि हस्तांतराच्या कागदावर सही झाली, की त्याच दिवशी, त्याच्या समोरच यूपीआयनं.