गावचे आरोग्य केंद्र आणि दाताचे दुखणे

आरोग्यसेवेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर शहरातील मोठे इस्पितळ उभे राहते. परंतु रोग्याचे बरेवाईट बहुधा त्या इस्पितळाच्या पायरीवर पोहोचण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. आमच्या संस्थेचे अनेक सभासद मीरा-भाईंदरला राहत असले तरी त्यांचे आईवडील, भाऊबंद कोकणात, मराठवाड्यात, विदर्भात आहेत. तेथे सरकारी आरोग्यसेवेची रचना कशी असते आणि तीत दातांना जागा कोठे आहे, हे सभासद व विद्यार्थी यांच्यापुढे मांडण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

या रचनेचा पाया स्वातंत्र्यापूर्वीचा आहे. १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि १९४६ साली तिने अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारापासून वंचित राहू नये, हे या अहवालाचे मुख्य सूत्र होते. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे सुरू झाली. आजचा निकष असा : सपाटीच्या भागात ५,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र, ३०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ व आदिवासी भागात अनुक्रमे ३,००० व २०,०००. त्यावर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी जिल्हा रुग्णालय. उपकेंद्रात आरोग्यसेविका, म्हणजे आपल्या बोलण्यातील नर्सबाई असते; प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर असतो. २००५ सालच्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून गावात आशा कार्यकर्तीही आली.

कागदावर ही उतरंड नीटनेटकी दिसते. तथापि लोकसंख्येचा निकष अंतर मोजत नाही. १९९२ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघर जिल्ह्यातील, जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरचा हा प्रदेश आहे. पाड्यापाड्यांत विखुरलेल्या वस्तीला, पावसाळ्यात ओढे भरल्यावर, नकाशावर जवळ असलेले केंद्रही दूरच असते.

यावर एक उत्तर महाराष्ट्रातच सापडले. तत्कालीन अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच स्त्रियांना निवडले, त्यांतील बऱ्याच जणी निरक्षर आणि अनेक जणी दलित समाजातील होत्या. बाळंतपण, अतिसार, लसीकरण, मुलांचे वजन यांचे शिक्षण त्यांना दिले. ज्या स्त्रीला पूर्वी दारातून आत घेतले जात नव्हते तिच्याच हाती गाव आपले मूल देऊ लागले, ही गोष्ट आम्हाला औषधापेक्षा कमी मोलाची वाटत नाही. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत १९८६ पासून काम करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी पुढे याच वाटेने, घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेणाऱ्या आरोग्यदूत तयार केल्या.

आता दातांकडे वळू. ताप आला तर माणूस दवाखान्यात जातो, पण दाढ दुखली तर लवंग ठेवतो, तंबाखूची गोळी दाबतो, गोळी आणून गिळतो. कीड दाताच्या वरच्या कठीण कवचात असते तेव्हा दुखत नाही. ती आत शिरून मधल्या मऊ थरात पोहोचली की थंड पाण्याने कळ येते. नसेपर्यंत गेली की रात्रीची झोप उडते आणि पुढे मुळाशी पू होऊन गालफड सुजते. पहिल्या टप्प्यावर साधे सिमेंट भरून काम भागते, शेवटच्या टप्प्यावर रूट कॅनाल तरी करावे लागते किंवा दात तरी काढावा लागतो. गरीब माणूस दातच काढतो, कारण तोच उपाय त्याच्या खिशाला परवडतो.

मग प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य का नसतो? साधारणपणे त्याचे पद ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर असते. दंतवैद्याला खुर्ची, हवेचा दाब देणारे यंत्र, वाहते पाणी, हत्यारे निर्जंतुक करण्याचे साधन आणि अखंड वीज लागते. यांपैकी एक गोष्ट बंद पडली की खुर्चीवर फायली साठू लागतात! म्हणूनच १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झालेली एक पद्धत आम्हाला महत्त्वाची वाटते. तीत विजेवरील यंत्राशिवाय, हाताच्या अवजारांनी कीड खरवडून काढतात आणि ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट भरतात. शाळेच्या बाकावर मुलाला आडवे करूनही हे काम होते. लहान खड्ड्यांसाठी ती उपयोगी आहे. नसेपर्यंत गेलेल्या किडीवर तिचा इलाज नाही.

मुलांच्या तपासणीची एक योजना तर आपल्या शेजारीच जन्मली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. यातील पथके अंगणवाड्यांत व शाळांत जातात आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत दातांचे विकारही आहेत. पुढे २०१८ पासूनच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या सेवांतही मुखआरोग्य घेतले गेले.

महाराष्ट्रात दातांचा विचार तंबाखूला वगळून करताच येत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील सुमारे चौथा हिस्सा प्रौढ लोक धूरविरहित तंबाखू वापरतात असे आढळले. आपल्या घरांतील किती आयाबहिणी मशेरीने दात घासतात, हे सांगायला पाहणीची गरज नाही. मशेरीने दात स्वच्छ होतात ही समजूत आहे. ती भाजलेली तंबाखूच असून तिने हिरड्या खराब होतात आणि व्यसन लागते. सुपारी व गुटख्याने गालाची आतील त्वचा ताठ होत जाते. तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील, पांढरा चट्टा दिसत असेल किंवा फोड दोन-तीन आठवड्यांत बरा होत नसेल, तर दंतवैद्याकडे त्वरित जावे. ही कर्करोगाची पूर्वसूचना असू शकते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पानटपरीवाल्याला ते कोणी सांगितलेले दिसत नाही.

खुद्द मीरा-भाईंदरची स्थिती निराळी आहे. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपरिषद झाली व २००२ साली महानगरपालिका. त्यामुळे उत्तन, पाली, चौक येथील कोळीवाडे आणि चेणे, काजूपाड्याकडील आदिवासी वस्ती कागदोपत्री शहरात गेली. येथे ग्रामीण निकष लागू नाही. २०१३ च्या नागरी आरोग्य अभियानाप्रमाणे साधारण ५०,००० लोकसंख्येस एक नागरी आरोग्य केंद्र धरले जाते. २०११ च्या जनगणनेतील आठ लाखांहून अधिक लोकसंख्येला भागले तर सोळा केंद्रे होतात. पण पहाटे होडी लावून आलेल्या कोळ्याला किंवा चेण्याच्या मजुराला केंद्राची संख्या कळून काय उपयोग? ते कोणत्या वेळेला उघडे असते आणि तेथवर रिक्षाला किती पडतात, हे त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे.

दंत शिबिरांबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. एका दिवसात शेकडो तोंडे पाहून टूथपेस्ट वाटली की फोटो चांगला येतो. परंतु ज्याला पुढे जाण्यास सांगितले तो खरोखर गेला की नाही, हे कोणी पाहत नाही. आमच्या मते शिबिराआधी जवळच्या सरकारी रुग्णालयात दंतविभाग कोणत्या दिवशी चालतो हे विचारून घ्यावे, चिठ्ठीवर तोच वार लिहावा, आणि महिन्याभराने आपल्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्या घरी जावे. गावी सुट्टीत जाणाऱ्या सभासदांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर आपल्या वस्तीतले कोणी आहे काय, याची चौकशी करावी. शाळेत तपासणीचे पथक यंदा आले होते का, व ज्या मुलांचे दात किडलेले आढळले त्यांना पुढे कोठे पाठवले, हे मुख्याध्यापकांना विचारता येते. उत्तर मिळाले नाही तर तोच प्रश्न ग्रामसभेत लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.