पनामाच्या कालव्यातील पाण्याचा जिना

दोन महासागरांच्या पातळ्यांत मोठी तफावत असल्यामुळेच पनामाच्या कालव्यास दरवाजे लागतात, हा समज सार्वत्रिक आहे आणि स्वाभाविकही. वस्तुतः ती तफावत अल्प असून, १९१४ साली खुला झालेला हा जलमार्ग चाग्रेस नदी अडवून केलेल्या, समुद्रसपाटीहून सुमारे २६ मीटर उंच अशा गातून सरोवरातून जातो, म्हणून जहाजास आधी चढावे व मग उतरावे लागते. हे काम लॉक (दोन्ही टोकांस दारे असलेला हौद) करतो. नळ सोडताच हौदातला तरंगता तांब्या जसा पाण्याबरोबर वर येतो, तसेच हजारो टनांचे अजस्र जहाज, पंपावाचून, सरोवरातून उताराने आलेल्या पाण्यावर हळूहळू उचलले जाते. मात्र जुन्या लॉकांतून जाणाऱ्या एकेका जहाजामागे सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी समुद्रास मिळते. म्हणूनच २०२३ साली पावसाने ओढ दिली, तेव्हा जहाजांची दैनिक संख्या घटवावी लागली.