पुळणवट बागाईत जमिनीची सुधारणा व तिजजोगीं झाडें

पनवेलच्या आसपासची शेती म्हटली म्हणजे भाताचीं खाचरें आणि खाडीकांठची खार जमीन हींच प्रथम डोळ्यांपुढें येतात. परंतु नदीकांठीं कोठें कोठें, आणि उरण-अलिबागच्या समुद्रकिनाऱ्यास तर जागोजाग, रेताड जमिनींतील वाड्या आहेत. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली व नव्या मुंबईसाठीं पनवेल आणि उरण तालुक्यांतील पुष्कळ जमीन संपादनांत गेली. ज्यांच्याकडे त्यानंतर दहावीस गुंठ्यांची वाडीच काय ती उरली, त्यांस ती नीट पिकविल्यावांचून गत्यंतर नाहीं. अशा पुळणीस 'हलकी जमीन' म्हणून नांवें ठेवण्याचा प्रघात आहे. आमचें म्हणणें असें कीं, पुळणीजवळ अन्नांश थोडा असतो हा तिचा दोष खराच. पण दिलेलें तिच्या हातीं टिकत नाहीं, हा त्याहून मोठा दोष होय. ही गोष्ट ध्यानांत धरली म्हणजे खत, पाणी व झाड या तिहींविषयीं काय करावें हें आपोआप सुचतें.

वाळूचा कण मोठा व गुळगुळीत असतो. चिकणमातीचा कण इतका सूक्ष्म असतो कीं, तो डोळ्यांस दिसतही नाहीं. मोठ्या कणांमधील पोकळ्याही मोठ्या, म्हणून पाणी त्यांतून झपाट्यानें खालीं जातें. एक फूट खोल चिकण-पोयट्याची जमीन झाडास उपयोगी पडणारें पाणी सुमारें दोन इंच धरते. तितकीच पुळण पाऊण-एक इंचच धरते. आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. त्यांत नत्र तर वाहून जातेंच, पण पालाशही टिकत नाहीं.

आपली जमीन कितपत रेताड आहे हें पाहण्यास मोठें साधन नको. कांचेच्या उभ्या बाटलींत तिसरा हिस्सा माती घालून वर पाणी भरावें, चांगली हालवावी व स्थिर ठेवावी. वाळू मिनिटाभरांत तळाशीं बसते, पोयटा कांहीं तासांत बसतो, आणि चिकणमाती दिवसभर गढूळपणानें तरंगत राहते. दुसरे दिवशीं थर मोजावे. समुद्रकांठच्या वाळूंत शिंपल्यांचा चुरा असेल तर जमीन चुनखडीची असते. तींत झाडाचीं कोंवळीं पानें पिवळीं पडून शिरा मात्र हिरव्या राहतात. तें लोहाच्या तुटीचें लक्षण होय, पाण्याच्या तुटीचें नव्हे. अशा जमिनींत चुना मुळींच घालूं नये.

सुधारणेचा पहिला उपाय म्हणजे गाळाची माती. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावर एक इंच थर देण्यास सुमारें ९१ घनफूट, म्हणजे ब्रासास किंचित् कमी माती लागते. हा खर्च सर्व वाडीभर करणें जड वाटल्यास तो केवळ आळ्यांत व भाजीच्या वाफ्यांत करावा. थर देऊन तसाच न ठेवतां वरच्या सहा इंचांत नीट मिसळावा. नाहीं तर पृष्ठभागीं पापुद्रा धरून पाणी आंत मुरत नाहीं.

येथें एका गोष्टीबद्दल आम्ही वाचकांस मुद्दाम सावध करतों. जवळ व फुकट मिळतो म्हणून खाडीचा चिखल वाडींत टाकूं नये. त्यांत मीठ असतें, व मिठांतील सोडियम मातीची घडण बिघडवितो. पनवेल येथें खार जमीन संशोधन केंद्र चालविण्याची गरज पडली ती याच मिठामुळें. तें आपल्या हातानें गोड्या जमिनींत कां आणावें? कारखान्यांचें सांडपाणी मिळणाऱ्या नाल्यांचा गाळही तितकाच त्याज्य होय. तळोजें औद्योगिक वसाहतीजवळील कासाडी नदीच्या प्रदूषणाचें प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलें, हें विसरूं नये. गोड्या पाण्याच्या गांवतळ्याचा गाळ उत्तम. तोही आधीं तपासून घ्यावा.

दुसरा उपाय सेंद्रिय खताचा. उष्ण व हवेशीर वाळूंत तें लवकर कुजून नाहींसें होतें, म्हणून एकदांच पुष्कळ घालण्यापेक्षां दरवर्षीं घालावें. पहिल्या पावसाबरोबर ताग किंवा धैंचा पेरून फुलावर येतांच, म्हणजे सुमारें दीड महिन्यांत, गाडावा. कुंपणास गिरिपुष्प लावल्यास त्याचा पाला घरचाच मिळतो. नारळाचीं सोडणें पोकळ बाजू वर करून, बुंध्यापासून पांच-सहा फुटांवर चर खणून त्यांत थरानें पुरावीं. तीं कित्येक वर्षें ओल धरून ठेवतात. उन्हाळ्यांत पालापाचोळ्याचें आच्छादन कधींही काढूं नये. वरखतें मात्र थोडीं थोडीं द्यावीं. पूर्ण वाढलेल्या माडास वर्षाचें युरिया व पालाश जून, ऑक्टोबर व फेब्रुवारी असें तीन हप्त्यांनीं दिल्यास झाडाच्या पदरीं पडतें; एकदम दिल्यास त्यांतील बराच भाग पावसाबरोबर जातो.

आतां पाण्याविषयीं. किनाऱ्याच्या पुळणींत गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट वर असेल तर त्याचा थर खालीं सुमारें ४० फूट असतो. म्हणजेच उपसा करून ती पातळी कायमची एक फूट उतरविली तर खारें पाणी कालांतरानें ४० फूट वर चढावयाचें. रहाटानें थोडें पाणी निघे व विहिरीस विसावा मिळे. पंपास तो धीर नाहीं. एकाच्या हव्यासानें आळींतल्या सर्वांच्या विहिरी मचूळ होतात. म्हणून विहीर अधिक खोल खणूं नये, पंप थोडा वेळ चालवावा, आणि ठिबकानें थोडें पण वारंवार पाणी द्यावें. पुळणीस भरपूर पाणी पाजणें म्हणजे तें मुळांखालून घालविणें होय.

शेवटीं झाडांची निवड. माड हा या जमिनीचा धनी. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील कोंकण कृषि विद्यापीठाच्या नारळ संशोधन केंद्रानें बाणवली जातींतून 'प्रताप' ही जात निवडून काढली. तसेंच माडांच्या सावलींत मिरी, दालचिनी, जायफळ घेण्याची 'लाखी बाग' रूढ केली. पोफळ वाऱ्याच्या तोंडावर न लावतां माडांच्या आडोशास लावावी. चिकू किनाऱ्यास चांगला मानवतो, याची साक्ष डहाणू-घोलवडच्या बागा देतात. काजू व शेवगा थोड्या पाण्यावर निभावतात. हंगामी पिकांत रताळें, कलिंगड, काकडी, मुळा व भुईमूग यांस भुसभुशीत जमीनच हवी. वाळूंत मुळांवर गांठी करणाऱ्या सूत्रकृमींचा उपद्रव फार, म्हणून वांगीं-टोमॅटो एकाच वाफ्यांत पुनःपुन्हां न घेतां मध्यें झेंडू घ्यावा व निंबोळी पेंड घालावी. समुद्राकडील बाजूस उंडी किंवा सुरूची रांग असल्यावांचून आंतील कोणतेंही झाड सुखानें वाढणार नाहीं.

वाळूची काळी जमीन कोणी करूं शकत नाहीं, व तशी करण्याचें कारणही नाहीं. दरवर्षीं थोडा गाळ, थोडा पाला आणि बेताचें पाणी इतकें जो नेमानें करील, त्याची वाडी त्याच्या मुलांच्याही हातीं पिकती राहील. पावसाळ्यापूर्वीं मातीची व विहिरीच्या पाण्याची परीक्षा करवून घेऊन या कामास आरंभ करावा, एवढीच आमची सूचना आहे.