उत्तरपत्रिका, संगणक आणि विद्यापीठाचा कारभार

विद्यापीठांच्या कारभारात संगणकाचा प्रवेश होऊन आता बराच काळ लोटला आहे. प्रवेश, शुल्क, परीक्षा, गुणपत्रिका, पदवी यांपैकी कोणतेही कार्य आज त्याच्यावाचून चालत नाही. तरीही या परिवर्तनाची चर्चा बहुधा यंत्रांच्या अंगाने होते, कारभाराच्या अंगाने होत नाही. कोणती प्रणाली घ्यावी, याचा विचार होतो. ती घेण्याचा निर्णय कोणी, कोणाच्या सल्ल्याने व वर्षाच्या कोणत्या काळात करावयाचा, हा प्रश्न मागे राहतो. मुंबई विद्यापीठात २०१७ साली उत्तरपत्रिकांच्या संगणकीय तपासणीचा जो प्रयोग झाला, त्यावरून या मागे राहिलेल्या प्रश्नाचे महत्त्व स्पष्ट होते. त्या प्रयोगाचे स्वरूप व त्याच्या अपयशाची कारणे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. परीक्षा घेणारे विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. त्या काळी लंडन विद्यापीठ ही मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या देणारी संस्था होती. अध्यापनाचे कार्य महाविद्यालये करीत. मुंबईनेही हीच रचना स्वीकारली. १८५९ साली पहिली प्रवेश परीक्षा झाली आणि १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकी होत. पुढे १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याची मुभा मिळाली, तथापि मूळची संलग्नतेची रचना कायम राहिली. मुंबई शहर व उपनगरांपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्गापर्यंत पसरलेली सातशेहून अधिक महाविद्यालये २०१७ साली या एका विद्यापीठाशी संलग्न होती.

या इतिहासाचा प्रस्तुत विषयाशी निकटचा संबंध आहे. परीक्षा हे मुंबई विद्यापीठाच्या अनेक कार्यांपैकी केवळ एक कार्य नव्हे, ते त्याचे आद्य कार्य होय. त्यात बिघाड झाला तर तो एका कचेरीपुरता राहत नाही. ज्या विश्वासावर विद्यापीठाच्या पदवीला मोल येते, त्या विश्वासालाच तो धक्का लावतो.

२. नव्या पद्धतीचे स्वरूप

जुन्या पद्धतीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणी केंद्रावर येत, परीक्षक लाल शाईने गुण देत, बेरीज हाताने होई आणि गुणांच्या याद्या परीक्षा विभागाकडे जात. नव्या पद्धतीत प्रत्येक उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो. पुस्तिकेची पाने सुटी करून त्यांचे स्कॅनिंग केले जाते, त्या प्रतिमा विषयवार लावल्या जातात, आणि परीक्षक आपल्या सांकेतिक शब्दाने प्रणालीत प्रवेश करून पडद्यावर उत्तरे वाचतो व प्रश्नवार गुण नोंदवितो. बेरीज प्रणाली करते. नियामकाने केलेल्या फेरतपासणीनंतर ते गुण पुन्हा आसन क्रमांकाशी जोडले जातात आणि निकाल तयार होतो.

या पद्धतीचे लाभ खरे आहेत व ते नाकारण्याचे कारण नाही. बेरजेच्या चुका टळतात; एखादे उत्तर तपासावयाचे राहून गेले तर ते ध्यानात येते; परीक्षार्थी कोण हे परीक्षकास कळत नाही; गठ्ठ्यांची ने-आण थांबते; विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेची प्रत मागितल्यास ती देणे सुलभ होते. तथापि जुन्या साखळीत नसलेले काही दुवे येथे नव्याने निर्माण होतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मूळ पुस्तिकेपासून पुरवणी वेगळी पडली, विषयाचा संकेतांक चुकीचा लागला, किंवा प्रतिमा अस्पष्ट आली, तर पडद्यासमोर बसलेल्या परीक्षकाच्या हाती दोष दुरुस्त करण्याचा कोणताही उपाय नसतो. कागदाच्या गठ्ठ्यात हरवलेली पुरवणी त्याच खोलीत शोधता येते. प्रतिमांच्या साठ्यातून निसटलेली पुरवणी शोधावयाची कोठे, हे त्याला माहीतच नसते.

३. २०१७ चा घटनाक्रम

तत्कालीन कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांच्या कारकिर्दीत ही पद्धत सर्व विद्याशाखांना एकाच हंगामात लागू करण्यात आली. हे काम एका खाजगी कंपनीकडे सोपविण्याचा निर्णय एप्रिल महिन्यात, म्हणजे परीक्षांचा हंगाम सुरू असताना, पक्का झाला. परीक्षा ४७७ होत्या आणि उत्तरपत्रिकांची संख्या सतरा लाखांच्या घरात होती.

या संख्येचा अर्थ साध्या अंकगणितानेही कळतो. प्रत्येक पुस्तिकेची केवळ ३० पाने धरली, तरी स्कॅनिंग करावयाच्या पानांची संख्या पाच कोटींच्या वर जाते. निकाल ३० दिवसांत, व कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत, जाहीर व्हावा अशी विद्यापीठ अधिनियमाची अपेक्षा आहे. सर्व उत्तरपत्रिका एकदमच हाती आल्या असे मानून हिशेब केला, तर ४५ दिवसांत त्या संपविण्यासाठी दररोज सुमारे ३८,००० उत्तरपत्रिका तपासून झाल्या पाहिजेत. एक परीक्षक दिवसाला ३० उत्तरपत्रिका तपासतो असे समजल्यास, एकही सुटीचा दिवस न घेता दररोज साडेबाराशेहून अधिक परीक्षक पडद्यासमोर हवेत. या हिशेबात स्कॅनिंगचा काळ, परीक्षकांचे प्रशिक्षण, फेरतपासणी व यंत्रांचा बिघाड यांपैकी काहीच धरलेले नाही.

प्रत्यक्षात निकाल लांबत गेले. कुलपती या नात्याने राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. ऑगस्टमध्ये कुलगुरूंना रजेवर पाठविण्यात आले आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. देवानंद शिंदे यांच्याकडे तात्पुरता कार्यभार सोपविण्यात आला. निकालांचे काम सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपतींनी डॉ. देशमुख यांना पदावरून दूर केले.

या काळात विद्यार्थ्यांची जी कुचंबणा झाली, तिचे मोजमाप कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. पदव्युत्तर प्रवेशाच्या मुदती निकालासाठी थांबत नाहीत. परदेशी विद्यापीठे गुणपत्रिकेवाचून प्रवेश निश्चित करीत नाहीत. नोकरी देऊ करणारा मालकही फार काळ वाट पाहत नाही. विद्यार्थ्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जांची रीघ लागली, आणि पुरवण्या न सापडल्याच्या व उत्तरपत्रिकांची अदलाबदल झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या.

४. कर्ता आणि करण

या घटनेनंतर दोष यंत्राचा की माणसांचा, असा वाद रंगला. ‘संगणकीय तपासणी’ किंवा ‘ऑनलाइन तपासणी’ हे शब्दप्रयोगच या वादाला काही अंशी कारणीभूत आहेत. या समासांत क्रिया आहे, साधनाचा निर्देश आहे. कर्ता मात्र कोठेच नाही. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर संगणक हे करण होय, कर्ता नव्हे. क्रियेत जो स्वतंत्र असतो तो कर्ता. क्रियेच्या सिद्धीस जे सर्वाधिक उपकारक ठरते ते करण. उत्तर वाचून त्याचे मोल ठरविणारा परीक्षक हा तपासणीचा कर्ता आहे, आणि कोणत्या साधनाने तपासावयाचे हे ठरविणारे विद्यापीठ हे त्या निर्णयाचे कर्ते आहे. साधन बदलल्याने कर्त्याचे दायित्व कमी होत नाही. साधन नवे असल्यामुळे त्याची पारख करण्याचा भारही कर्त्यावर येतो, म्हणून ते उलट वाढतेच.

आता विद्यापीठात हा कर्ता कोण, हे पाहिले पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अंमलात आला. त्यात अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, परीक्षा व मूल्यमापन मंडळ अशी प्राधिकरणे सांगितली आहेत. परीक्षेचे धोरण ठरविणे हे कुलगुरूंचे एकट्याचे काम नाही. ते मंडळात, शिक्षकांच्या समक्ष, चर्चेने व्हावे अशी ही योजना आहे. परंतु नवा अधिनियम नुकताच लागू झाला असल्याने निवडणुकीने बनणारी अधिसभा त्या उन्हाळ्यात अस्तित्वात नव्हती. पदवीधर प्रतिनिधींची निवडणूक २०१८ साली झाली. जुनी यंत्रणा मावळलेली आणि नवी उभी राहावयाची, अशा संधिकाळात विद्यापीठाने आपल्या इतिहासातील एक अतिशय व्यापक बदल हाती घेतला.

प्राधिकरणांच्या बैठका म्हणजे विलंब, असा एक समज रूढ आहे व तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु अशा बैठकांत बसणाऱ्या शिक्षकाला काही साध्या गोष्टी अनुभवाने ठाऊक असतात: उन्हाळ्याच्या सुटीत किती सहकारी गावी जातात, कोकणातील महाविद्यालयांतून किती वेळा वीज जाते, वाणिज्य शाखेचे गठ्ठे इतरांच्या किती पट असतात. हे ज्ञान कोणत्याही निविदेत लिहिलेले नसते. चर्चा टाळली की वेळ वाचतो खरा, पण हे ज्ञान निर्णयात उतरत नाही, आणि वाचलेला वेळ पुढे व्याजासह भरावा लागतो.

५. क्रमाचे महत्त्व

हेच साधन अन्यत्र यशस्वी झाल्याची उदाहरणे आहेत. हाँगकाँगच्या परीक्षा प्राधिकरणाने पडद्यावरील तपासणीचा प्रारंभ २००७ साली चिनी व इंग्रजी या दोन भाषाविषयांपासून केला, आणि २०१२ च्या नव्या शालान्त परीक्षेपर्यंत ती बहुसंख्य विषयांना लागू केली. तपासणीसाठी स्वतंत्र केंद्रे उभारण्यात आली. तेथील परीक्षा शालेय स्तरावरच्या आहेत व विषयांची संख्या मर्यादित आहे, हा भेद विसरून चालणार नाही. तरीही या उदाहरणातून एक गोष्ट दिसते: तेथे जे काम पाच वर्षांत पसरविले गेले, ते येथे एका हंगामात उरकण्याचा प्रयत्न झाला.

मुंबई विद्यापीठाने पडद्यावरील तपासणी पुढील सत्रांतही चालू ठेवली. यावरून साधन मूलतः निरुपयोगी नव्हते, हे सिद्ध होते. २०२० च्या साथीच्या काळात अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन घेण्याची पाळी आली, तेव्हा महाविद्यालयांचे गट करून परीक्षेचे दायित्व त्यांच्यात वाटून देण्यात आले. संकट २०१७ पेक्षा मोठे होते, पण त्या वेळी भार एकाच खांद्यावर नव्हता.

६. समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांच्या कालावधीत टप्प्याटप्प्याने संपविण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. विद्यार्थ्यांनी मिळविलेल्या श्रेयांकांची संगणकीय पेढी २०२१ पासून सुरू झाली आहे. त्यामुळे यापुढे विद्यापीठांवर असे बदल वारंवार येतील, आणि प्रत्येक वेळी मुदतही कमीच वाटेल. अशा वेळी प्रणाली उत्तम आहे काय, एवढेच विचारून भागणार नाही. ती प्रथम कोणत्या एका विद्याशाखेत वापरून पाहिली, प्रत्यक्ष काम करणाऱ्या शिक्षकांचे व लिपिकांचे मत कोणत्या मंडळापुढे नोंदले गेले, ती बंद पडली तर जुन्या मार्गाने परतण्याची सोय आहे काय, आणि उशीर झाल्यास विद्यार्थ्याला उत्तर कोण देणार, हे चार प्रश्न निविदा काढण्यापूर्वीच विचारले गेले पाहिजेत. त्यांची उत्तरे कागदावर असतील तर साधन कोणतेही असो, कारभार सुरक्षित राहील. ती नसतील, तर उत्कृष्ट साधनही विद्यार्थ्यांचे वर्ष वाया घालविण्यास पुरेसे ठरेल.