पेटी हापूसची की फळांची?

जावा शिकणाऱ्या कुणालाही हा प्रयोग करून बघता येईल. फक्त ‘स्ट्रिंग’, म्हणजे मजकूर, ठेवण्यासाठी एक ॲरे तयार करायचा. तोच ॲरे ‘ऑब्जेक्ट’चा, म्हणजे कोणत्याही वस्तूचा, ॲरे म्हणून दुसऱ्या नावाला जोडायचा आणि त्या नावाने त्यात ४२ हा आकडा टाकायचा. कंपायलर हूं की चूं करत नाही. प्रोग्राम चालवला की मात्र नेमका त्याच ओळीवर ‘ॲरेस्टोअरएक्सेप्शन’ देऊन कोसळतो.

कुठल्या जागी कोणत्या प्रकारचा डेटा चालेल हे ठरवणारे नियम म्हणजे टाइप सिस्टिम. चूक प्रोग्राम चालण्याआधीच पकडायची, हा त्यांचा हेतू. मग इथे कंपायलर गप्प का?

हापूसच्या पेटीला फळांची पेटी म्हणावं का? आतलं फळ काढून खायचं असेल तर खुशाल म्हणावं. पण भरताना तसं म्हटलं, तर कुणीतरी तीत पपई ठेवील आणि हापूसचे पैसे मोजलेलं गिऱ्हाईक भांडायला येईल. जावाने दोन्ही वेळा होकार दिला.

हा होकार अजाणतेपणी दिलेला नव्हता. १९९६ साली जावाची पहिली आवृत्ती आली तेव्हा भाषेत जेनेरिक्सची, म्हणजे आतला प्रकार मोकळा ठेवून कोड एकदाच लिहिण्याची, सोय नव्हती. क्रम लावण्यासारखं काम एकदाच लिहून ते सगळ्या ॲरेंना लागू करायचं, तर ही सवलत देणं भाग होतं. त्या बदल्यात ॲरेत वस्तू ठेवताना प्रकार तपासण्याचं काम प्रोग्राम चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनच्या गळ्यात पडलं. सी-शार्पनेही हीच सवलत जशीच्या तशी उचलली.

जावात जेनेरिक्स आले २००४ मध्ये. तिथे नियम कडक झाला, स्ट्रिंगची यादी ही ऑब्जेक्टची यादी मानायची नाही. पण जुना कोड मोडू नये म्हणून कंपाइल करताना आतला प्रकार पुसून टाकायचं ठरलं. त्यामुळे चालू प्रोग्रामला ‘ही यादी कशाची?’ असं विचारून उपयोग नसतो. सी-शार्पने २००५ मध्ये प्रकाराची माहिती शिल्लक ठेवली. त्यासाठी जुन्या संग्रहांशेजारी नवे संग्रह मांडावे लागले. सी-शार्प ज्यावर चालते त्या डॉटनेटचा पसारा तेव्हा तीनच वर्षांचा होता. त्यांना ते परवडलं.

एवढी काळजी घेऊनही २०१६ मध्ये नादा अमीन आणि रॉस टेट या संशोधकांनी जावाच्या जेनेरिक्समध्येच भोक दाखवलं. त्यांच्या छोट्याशा प्रोग्राममध्ये कुठेही बळजबरीचं रूपांतर नव्हतं, तरी कंपायलर पूर्णांकाला स्ट्रिंग समजून बसला. वाइल्डकार्ड, म्हणजे आतला प्रकार अज्ञात ठेवणारं प्रश्नचिन्ह, आणि ‘नल’, म्हणजे ‘इथे काहीच नाही’ असं सांगणारं मूल्य, या दोन सोयी एकत्र आल्या की हे घडत होतं. यातला ‘नल’ म्हणजे १९६५ साली टोनी होअर यांनी अल्गॉल-डब्ल्यू भाषेत आणलेली कल्पना. २००९ मध्ये त्यांनीच तिला अब्ज डॉलरची चूक म्हटलं.

जावास्क्रिप्टवर टाइप चढवणाऱ्या टाइपस्क्रिप्टने तर आधीच हात वर केले. पूर्णतः निर्दोष टाइप सिस्टिम हे आमचं उद्दिष्ट नाही, असं तिच्या रचनाकारांनी लिहूनच ठेवलंय. आधीपासून लिहिलेलं अफाट जावास्क्रिप्ट सामावून घ्यायचं तर हाच पवित्रा प्रामाणिक.

कोटलिन या भाषेने ॲरेची सवलत काढून घेतली आणि ‘नल’ चालेल की नाही हेही टाइपमध्येच नोंदवलं. पण तिला जावाचा कोड वापरायचा असतोच. ‘नल’ चालेल की नाही याचा खुलासा नसताना तिकडून येणाऱ्या मूल्यांसाठी कोटलिनचा कंपायलर आजही ‘नल’ची तपासणी सैल सोडतो.